तीनशे खाटांची अट आणि तीस खाटांचं रुग्णालय

(जागतिक फार्मासिस्ट दिनाच्या कार्यक्रमातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'ग्रामीण रुग्णालयात फार्मसीची रेसिडेन्सी : बारा महिन्यांचा आराखडा'. रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत घेतलेलं प्रशिक्षण. आराखडा आणलाय, सांगणारही आहे. पण त्याआधी एक तक्रार आहे. समोर निम्मे औषध निर्माण अधिकारी आणि निम्मे फार्म डी. या औषधशास्त्राच्या सहा वर्षांच्या पदवीचे विद्यार्थी बसलेत, त्यामुळे ती ऐकून घेतली जाईल. वेळ पंचेचाळीस मिनिटं होता, त्यातली दहा सत्कारात गेली.

फार्म डी.चे नियम आले २००८ साली. पाच वर्षं अभ्यास, आणि सहावं वर्ष 'इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी'. हा 'किंवा' कुणी घातला ठाऊक नाही, पण आपल्याकडे किंवाच्या अलीकडचंच घडतं, पलीकडचं राहून जातं. सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन विभागांत दोन-दोन महिने. आणि हे कुठं? किमान ३०० खाटांच्या रुग्णालयात. आता ग्रामीण रुग्णालय म्हणजे खाटा ३०. उपजिल्हा असेल तर ५० किंवा १००. म्हणजे दहा ग्रामीण रुग्णालयं एका दोरीनं बांधली, तर कुठं एका कॉलेजची अट पुरी होते.

अमेरिकेत 'क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल' नावाचा प्रकार आहे, १९९७च्या कायद्यानं आलेला. तिथं अट उलटी : खाटा २५ पेक्षा जास्त नकोत. तो दर्जा सरकारी विम्याच्या पैशांसाठी आहे, शिक्षणासाठी नाही, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर तिसऱ्या रांगेतून हात वर येईल. मुद्दा एवढाच की असल्या टीचभर रुग्णालयांतही तिकडं पदवीनंतरची वर्षभराची फार्मसी रेसिडेन्सी चालते. खाटा कमी म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

तीनशेच्या अटीमागं कारण आहे, ते नाकारत नाही. रुग्णांची विविधता हवी, तज्ज्ञ हवेत, शिकवणारे हवेत. पण मोठ्या रुग्णालयात औषधाची चिठ्ठी आणि फार्म डी.चा विद्यार्थी यांच्यामध्ये चार माणसं उभी असतात. त्यानं काही सुचवलं तर ते ज्युनिअर रेसिडेंटकडून सीनिअरकडे, तिथून लेक्चररकडे जातं, आणि तोवर पेशंटला डिस्चार्ज मिळालेला असतो. ग्रामीण रुग्णालयात रात्री अकरा वाजता एमओ म्हणजे वैद्यकीय अधिकारी, सिस्टर आणि मावशी. मधे कुणी नाही. औषध चुकलं तर चुकलं.

उदाहरण विंचवाचं घेऊ. लाल विंचू. विंचूदंशावर उपचार शोधणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला सांगायला नकोत. २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी त्यांचे फोटो पुढं पाठवले. पण काम कुठं सुरू झालं? महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध, १९८६ साली त्यातच प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या गोळीबद्दल. पुढं २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ७० रुग्णांची चाचणी आली, नुसती प्रॅझोसिन विरुद्ध प्रॅझोसिन अधिक विंचवाचं प्रतिविष, तीही महाडचीच. पीएचसीत कसलं संशोधन, असं म्हणणाऱ्यांनी ही तीन सालं लिहून घ्यावीत.

आता ही गोष्ट डॉक्टरांची म्हणून सांगितली जाते. मला ती गोळीची म्हणून सांगायची आहे.

लाल विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, आणि हृदय थकलं की फुप्फुसात पाणी. प्रॅझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सोडवते. डोस वजनाला, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. गरजेप्रमाणे तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. नुसतं दुखतंय आणि हातपाय गरम आहेत, तर प्रॅझोसिन नाही. तिथं दंशाच्या जागी भूल द्या.

बारा किलोचं पोर आलं. बारा गुणिले तीस, ३६० मायक्रोग्रॅम. कपाटात काय आहे? इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, लिहिलेलं असतं 'टॅब. प्रॅझोसिन'. बस. लोकल पर्चेसला माणूस दुकानात जातो, दुकानदार त्याच्याकडे रोज खपते ती देतो. ती असते एक्सएल, म्हणजे सावकाश सुटणारी, अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची, रक्तदाबवाल्यांसाठी. नाव तेच, स्टॉक रजिस्टरला नोंद बरोबर, ऑडिटला एक शब्द बोलायला जागा नाही. आणि रात्री ती गोळी हातात घेऊन सिस्टर उभी. अख्खी दिली तर औषध सावकाश, तासन्‌तास सुटत राहणार; इथं हवंय आत्ता. कुटून दिली तर सावकाश सुटण्याची रचनाच मोडते, आणि दिवसभराचं औषध एकदम अंगावर. अडीच मिलिग्रॅम म्हणजे त्या पोराच्या डोसच्या सातपट. रक्तदाब कोसळणार. दोन्ही वाटा चुकीच्या, आणि चूक झाली ती दोन महिन्यांपूर्वी, दुपारी तीन वाजता, इंडेंट लिहिताना.

म्हणून इंडेंटवर लिहायचं : 'प्रॅझोसिन १ मिग्रॅ, साधी गोळी, एक्सएल चालणार नाही'. शेवटचे तीन शब्द लाल शाईनं. साहेब विचारतील, लाल शाई का. विचारू देत.

साधी गोळी मिळाली तरी ३६० मायक्रोग्रॅम मोजायचे कसे? पाव गोळी म्हणजे २५०, अर्धी म्हणजे ५००. मधलं काही तुटत नाही. एक गोळी बारीक करून १० मिली पाण्यात मिसळा, एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम झाले, ३.६ मिली द्या. सोपं वाटतं ना? प्रॅझोसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसते. सिस्टरनं कप ठेवला, फोन घेतला, परत येऊन वरचं पाणी ओढलं, की पोराला पाणीच मिळालं. ढवळायचं आणि त्याच हातानं ओढायचं. बिनसुईच्या सिरिंजनं, कारण सुई लावलेली सिरिंज भरून ठेवली की ती कुणीतरी शिरेत देतो. हा जगभरचा अपघात आहे, आपल्या तालुक्याची मक्तेदारी नाही. उरलेलं ओतून द्यायचं. पोराला आडवं ठेवायचं, कडेवर घेऊन फिरवायचं नाही, कारण पहिल्या डोसनंतर उभं केलं की रक्तदाब उतरतो. हे आईला सांगायचं, आणि आजीला वेगळं सांगायचं, कारण उचलून घेते ती आजी.

हे सगळं फार्मासिस्टचं काम आहे की नाही? मग ३०० खाटांच्या कोणत्या वॉर्डात ते शिकवलं जातं?

सापाचंही असंच. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चौघांवर एकच प्रतिविष. सुरुवातीला ८ ते १० वायल, म्हणजे कुप्या. मोठ्याला जेवढ्या तेवढ्याच लहान मुलाला, कारण साप वजन बघून विष टोचत नाही. मुलाला सलाईन कमी करायचं, वायल नाहीत. प्रत्येक वायलमध्ये १० मिली डिस्टिल्ड वॉटर, आणि हलवायचं नाही, तळहातांत फिरवायचं. घाईत खळाखळा हलवलं की फेस होतो, आणि फेस सिरिंजमध्ये येत नाही. दहा वायल एकट्या सिस्टरनं एकामागून एक विरघळवायच्या तर मौल्यवान वेळ तिथंच जातो. पाचशेच्या सलाईनमधून आधी १०० मिली काढून टाकायचं, मग दहा वायलचं १०० मिली आत. तासाभरात संपवायचं. वीस थेंबांचा एक मिली देणारा सेट असेल तर मिनिटाला १६६ थेंब, म्हणजे चाक जवळजवळ उघडंच. ॲड्रिनलिन अर्धा मिली सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून, बाजूला. रिॲक्शन आली की मांडीत, स्नायूत. आधी कातडीत टेस्ट डोस द्यायचा नाही, त्यातून काही कळत नाही आणि वेळ जातो.

आणि काचेची नळी! ही माझी जुनी जखम आहे, संयोजकांनी क्षमा करावी. वीस मिनिटांची गोठण्याची चाचणी : दोन मिली ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विषानं गोठणं बिघडलं. काच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती धड होत नाही, साबणानं धुतलेल्या नळीतही नाही. मग बरं असलेलं रक्तही बिघडलेलं दिसतं, आणि दहा वायल विनाकारण चढतात. लॅबला सगळ्या प्लास्टिकच्या व्हॅक्युम नळ्या आल्या आणि काचेची नळी इंडेंटमधून गुपचूप गायब झाली. कुणी काढली नाही, ती फक्त पुन्हा लिहिली गेली नाही. पंचवीस नव्या नळ्या, एका डब्यात, प्रतिविषाच्या शेजारी, वर चिठ्ठी 'धुऊ नये'. किंमत चहाच्या एका फेरीची.

...चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. खाली अधोरेखित. बरं. आराखडा.

रेसिडेंट मे महिन्यात रुजू व्हावा, कारण साप-विंचवाचा हंगाम पावसाबरोबर येतो आणि त्याआधी त्याला स्टोअर कळलं पाहिजे. पहिले दोन महिने स्टोअरच. ई-औषधी या सरकारी संगणक-नोंदीवरचा साठा आणि रॅकवरचा साठा रोज दहा औषधांचा ताडून पाहायचा. आधी संपणारं आधी बाहेर. आणि जीवरक्षक औषधांची वेगळी यादी, जी किमतीवर नाही तर 'नसेल तर काय होईल' यावर बनते. अंदाजपत्रकात ॲट्रोपिनला कोण विचारतो? पण कीटकनाशकाच्या विषबाधेचा एक पेशंट रात्रीत सगळा साठा संपवतो.

मग तीन महिने कॅज्युअल्टी आणि वॉर्ड, भर पावसात. एमओबरोबर सकाळचा राऊंड, प्रत्येक केसपेपरवर चार गोष्टी : वजन, किडनी, ॲलर्जी, घरून काय चालू आहे. सुचवलेला प्रत्येक बदल वहीत. मानला गेला की नाही तेही. औषधाची रिॲक्शन आली तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा.

पुढचे दोन महिने प्रसूती. इथं परीक्षा एकच : गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचा ट्रे डोळे झाकून लावता येतो का. चार ग्रॅम शिरेतून, वीस टक्क्यांचं द्रावण करून, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या दोन मिलीच्या चार अँप्युल अधिक बारा मिली पाणी. वर दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी पाहायचं : गुडघ्यावर टिचकी मारली की पाय झटकतो ना, श्वास मिनिटाला किमान सोळा, चार तासांत किमान शंभर मिली लघवी. शेजारी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, तेही फोडायच्या तयारीत. आणि बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत, दाराच्या कप्प्यात नाही. लोडशेडिंगच्या दिवशी थर्मामीटर बघणारा एक माणूस ठरलेला हवा.

नंतर दोन महिने ओपीडी आणि उपकेंद्रं : बीपी, शुगर, टीबी. कोण गोळ्या न्यायला आला नाही, याची यादी करून त्याच्या घरापर्यंत. एक महिना जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात, जे इथं दिसत नाही ते पाहायला. तीनशे खाटांचं ऋण असं फेडू. शेवटचे दोन महिने एक प्रकल्प, त्याच रुग्णालयाचा, उत्तर सापडलं तर दुसऱ्या दिवसापासून वापरता येईल असा.

शिकवणार कोण, हा खरा आक्षेप आहे आणि त्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. कॉलेजातला क्लिनिकल फार्मसीचा एक शिक्षक आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष, एकदा व्हिडिओवर, पाच केसपेपर घेऊन. बाकी दिवस एमओ आणि तिथला औषध निर्माण अधिकारी. त्यांच्या कामाच्या तासांत हे धरलं गेलं नाही तर महिनाभरात सगळं बंद पडेल, आणि रेसिडेंट खिडकीवर गोळ्या मोजत बसेल. म्हणून ते तास लेखी आदेशात हवेत, सौजन्यावर नकोत. आणि त्याला राहायला क्वार्टर हवं, गळणारं नसलेलं.

अध्यक्ष उठलेत. प्रश्न चहाबरोबर घेऊ. एवढंच करा, उद्या ड्युटीवर गेलात की ट्रेमधली मॅगसल्फची अँप्युल उलटून लेबल वाचा, पन्नास टक्के आहे की पंचवीस. बाजारात दोन्ही मिळतात.