दुपारी दोनची मुलाखत

(दृश्य: ब्रिस्टलचा बसस्टँड. सकाळची गर्दी. एक बस हळूहळू बाहेर पडते.)

इंग्लंडच्या नैऋत्येचं हे ब्रिस्टल शहर. बंदराचं, जुन्या पैशाचं. त्या पैशात गुलामांच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. आपली गोष्ट मात्र जहाजांची नाही, बसची आहे, आणि ती सुरू होते एका फोनपासून.

एप्रिल १९६३. पॉल स्टीफन्सन नावाचा पंचविशीतला तरुण ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीला फोन लावतो. कंडक्टरच्या जागा आहेत का? आहेत. माझ्या माहितीतला एक मुलगा आहे, पाठवू का? पाठवा की. मुलाखतीची वेळ ठरते.

स्टीफन्सन यांचे वडील पश्चिम आफ्रिकेतले, आई ब्रिटिश. जन्म इसेक्समधला, त्यामुळे बोलणं अस्सल इंग्रजी. फोनवर रंग दिसत नाही. मुलाखतीला जाणारा मुलगा होता अठरा वर्षांचा गाय बेली, जमैकाहून आलेला. गोदामात नोकरी, संध्याकाळी वर्ग, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट. कंडक्टर म्हणून त्याच्यात खोट काढायला कुठे जागाच नव्हती. तो निवडला गेला होता तो याचसाठी.

(दृश्य: रिकामं स्वागतकक्ष. टेबल, खुर्ची, आतल्या केबिनचं अर्धवट उघडं दार.)

पुढचं बेली यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. ते आत गेले, नाव सांगितलं. समोरची बाई उठली आणि साहेबांच्या दाराशी गेली. तुमचा दोन वाजताचा उमेदवार आलाय, आणि तो काळा आहे, असं तिने आत सांगितलं. आतून आवाज आला: जागा भरल्या म्हणून सांग त्याला.

इथे जरा थांबू या. ‘जागा आत्ताच भरली’ हे वाक्य आपल्याला परकं नाही. भाड्याचं घर बघायला गेलेल्या कित्येकांनी आडनाव सांगितल्यावर ते मराठीतही ऐकलंय. या वाक्याची ताकद अशी की त्यात अपमान असतो, पण पुरावा नसतो. ऐकणारा घरी जातो आणि मनाशी म्हणतो, असेल भरली खरंच. ब्रिस्टलच्या लोकांनी नेमकं हेच ओळखलं. आधी फोन आणि मग मुलाखत, ही सगळी जुळवाजुळव पुरावा हातात येण्यासाठी होती.

कारण अनुभव तर सगळ्यांकडेच होता. सेंट पॉल्स भागात सिटी रोडच्या आसपास कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते म्हणून ती आली होती. रॉय हॅकेट त्यांच्यातलेच. त्यांच्या पत्नी एना यांनी कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. सगळ्या अटींत बसत असूनही त्यांना नकार मिळाला. हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली इव्हान्स आणि प्रिन्स ब्राउन यांनी मिळून वेस्ट इंडियन डेव्हलपमेंट कौन्सिल काढली. स्टीफन्सन बोलण्यात पक्के होते, म्हणून त्यांना सोबत घेतलं.

(दृश्य: डेपोची कार्यशाळा. तेलकट हात, पाण्याचे फवारे, धुतली जाणारी बस.)

कंपनीत काळी माणसं नव्हतीच असंही नाही. कार्यशाळेत होती, कॅन्टीनमध्ये होती. कमी पगाराच्या, नजरेआडच्या कामांवर ती चालत होती. ड्रायव्हरच्या सीटवर आणि कंडक्टरच्या गणवेशात मात्र चालत नव्हती.

आणि हे फक्त मालकाचं कारस्थान नव्हतं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. बस कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या स्थानिक शाखेने जानेवारी १९५५ मध्ये रीतसर ठरावच केला होता: बसवर ‘रंगीत’ कामगार नकोत. ठराव करणारी माणसं राक्षस नव्हती. मूळ पगार तुटपुंजा होता, घर ओव्हरटाइमवर चालायचं. नवी माणसं आली तर ओव्हरटाइम जाईल, ही धास्ती होती. भीती पोटाची होती, तिला रंग चढवला गेला. पगार वाढवून मागायचा तर मालकाशी भांडावं लागतं. दुबळ्याला दाराबाहेर ठेवायला एक ठराव पुरतो.

कंपनीचे सरव्यवस्थापक इयन पेटी यांनीही लपवाछपवी केली नाही. काळे कर्मचारी घेतले की गोरे हळूहळू निघून जातात, असं ते उघड म्हणाले. काळ्या मुकादमाच्या हाताखाली कोण गोरा कामाला येईल, असा त्यांचा सवाल होता. त्यांना घाबरायचं काही कारणही नव्हतं. कातडीच्या रंगावरून नोकरी नाकारणं त्या वेळी ब्रिटनमध्ये बेकायदा नव्हतं.

२९ एप्रिलला कंपनीच्या बसवर बहिष्कार जाहीर झाला. नमुना होता अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराचा. तिथे गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईंना अटक झाल्यावर काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नव्हता.

पण मॉन्टगोमेरीत बसचे बहुतेक प्रवासी काळे होते. ब्रिस्टलमध्ये कॅरिबियन माणसं अंदाजे तीन हजार, शहराच्या मानाने मूठभर. त्यांनी बस सोडली तर कंपनीच्या गल्ल्याला फारसा फरक पडणार नव्हता. म्हणून बाकीच्यांनी सोबत येणं गरजेचं होतं. १ मे रोजी ब्रिस्टल विद्यापीठाचे शंभरेक विद्यार्थी मोर्चाने बसस्टँडवर आणि युनियनच्या कार्यालयावर गेले. वाटेत बस कर्मचाऱ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. मजूर पक्षाचे स्थानिक नेते टोनी बेन म्हणाले, मी बसने जाणार नाही, सायकल शोधावी लागली तरी चालेल.

(दृश्य: फिशपाँड्स रोड. रस्त्यात उभी माणसं, मागे अडकलेल्या बस.)

हॅकेट आणि त्यांचे सोबती शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या बस या रस्त्यावर अडवायचे. मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या, कामाला निघालेल्या गोऱ्या बायका थांबून विचारायच्या, हे काय चाललंय? हॅकेट यांनी पुढे सांगितलंय, की त्यातल्या काही नंतर त्यांच्यात येऊन उभ्या राहिल्या. व्याख्यानाने कोण किती शिकतं मला माहीत नाही. रोजची बस अडल्यावर मात्र माणूस प्रश्न विचारतो.

सगळे आले नाहीत, हेही सांगायला हवं. शहरातल्या चर्चच्या मंडळाने आंदोलकांनाच दोष दिला. एका छोट्या गटाने हा वांशिक संघर्ष मुद्दाम उकरून काढला, असं त्यांचं म्हणणं. अन्याय वर्षानुवर्षं शांतपणे चालला होता तोवर शांतता भंग होत नव्हती. तो बोलून दाखवला आणि भंग झाला. मे महिन्यात वेस्ट इंडीजचा संघ ग्लॉस्टरशायरशी खेळायला ब्रिस्टलमध्ये होता. खेळ आणि राजकारण एकत्र करू नये म्हणत तोही दूर राहिला. पण लिअरी कॉन्स्टंटाईन दूर राहिले नाहीत. एके काळचे वेस्ट इंडीजचे तडाखेबाज अष्टपैलू, आणि आता त्रिनिदादचे लंडनमधले उच्चायुक्त. १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलने त्यांना रंगावरून खोली नाकारली होती, तेव्हा ते कोर्टात गेले होते आणि जिंकले होते. कंपनीविरुद्ध ते जाहीर बोलले.

वाटाघाटी उन्हाळाभर चालल्या. २७ ऑगस्टला पाचशे बस कर्मचाऱ्यांची सभा भरली आणि त्यांनी हातातली वर्णबंदी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, पेटी यांनी जाहीर केलं, की आता नोकरीत रंग पाहिला जाणार नाही. त्याच दिवशी अटलांटिकच्या पलीकडे, वॉशिंग्टनमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग आपल्या स्वप्नाबद्दल बोलत होते.

पुढचं आधी सांगून टाकते. १९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा आला, पण तो सार्वजनिक जागांपुरता. नोकरी आणि घर त्यात यायला १९६८ उजाडलं. मधल्या काळात, १९६४ मध्ये, स्टीफन्सन ब्रिस्टलच्या एका पबमध्ये गेले. त्यांना बाहेर जायला सांगितलं, ते हलले नाहीत, त्यांना अटक झाली आणि कोर्टाने खटला काढून टाकला. सेंट पॉल्समध्ये आज हॅकेट यांचं चित्र एका भिंतीवर भलंमोठं रंगवलेलं आहे. आणि त्या युनियनची वारसदार संघटना, युनाइट, हिने १९५५ च्या ठरावाचा वारसा टाळला नाही. २०१३ मध्ये तिने जाहीर माफी मागितली. पन्नास वर्षं लागली. तरी मागितली याचं मला मोल वाटतं, कारण कामाच्या जागी झालेली चूक बहुतेकदा चूक करणाऱ्यांबरोबरच निवृत्त होते.

(दृश्य: कंडक्टरचं तिकिटाचं मशीन. हँडल फिरतं, तिकीट बाहेर येतं.)

१७ सप्टेंबर १९६३. ब्रिस्टलच्या बसवर पहिला गोरा नसलेला कंडक्टर रुजू झाला. तो गाय बेली नव्हता. आंदोलन उभं करणाऱ्या चौघांपैकीही कोणी नव्हता. कॅरिबियन माणसांनी महिनोन्‌महिने उघडून धरलेल्या दारातून आधी आत गेले ते रघबीर सिंग, एक शीख. पाठोपाठ काही दिवसांत आणखी चौघे आले, दोन जमैकाचे आणि दोन पाकिस्तानचे.

बस सुटली. सिंग तिकिटं देऊ लागले.