मॉन्सून लवकर आला, मग पेरणी का थांबवायची?

नमस्कार मंडळी.

२६ मे २०२५. सकाळी सव्वासातला बार्शीजवळच्या आमच्या गावाहून काकांचा फोन. म्हणाले, "अगं, रानात पाणी तुंबलंय. टीव्हीवर सांगतायत मॉन्सून आला. पेरू का थांबू?"

रोहिणी लागून जेमतेम दुसरा दिवस होता. आमच्याकडे मृग बरसला की पेरणी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब. पण त्या दिवशी मॉन्सून खरोखरच मुंबईत दाखल झाला होता, आणि नोंदी सुरू झाल्यापासून इतक्या लवकर तो मुंबईत कधीच आला नव्हता. आधीचा विक्रम होता २९ मे १९५६ चा. त्यात देशभरात तो मे महिना १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. मग काकांनी बियाण्याच्या पिशव्या फोडायला काय हरकत होती?

मी म्हणाले, "काका, थांबा जरा."

का थांबा म्हणाले, ते आज सांगते. त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचं संशोधन आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या पुण्यात झालाय.

(पडद्यावर: देशाचा नकाशा, त्यावर "१०५ टक्के")

आधी हा आकडा बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने सांगितलं की पाऊस सरासरीच्या १०५ टक्के पडेल. मेच्या शेवटी तो अंदाज १०६ वर नेला. प्रत्यक्षात पडला १०८ टक्के. म्हणजे अंदाज चांगलाच बरोबर आला, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ही सरासरी कशाची? जून ते सप्टेंबर, चार महिने, अख्खा देश, ८७ सेंटिमीटर. त्यात काकांच्या सहा एकरांचं काय होणार, हे कुठेच नाही. पाऊस एकूण किती पडणार यापेक्षा काकांना हवं होतं ते वेगळंच: आज पडलेला पाऊस पुढे टिकणार की मध्ये खंड पडणार?

खंड. हा शब्द लक्षात ठेवा.

हंगामी अंदाजाची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७७ ला पाऊस दगावला, भयानक दुष्काळ पडला आणि पुढचा पाऊस आधी कळावा म्हणून सरकारने हवामान विभागाचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना कामाला लावलं. हिमालयात बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा त्यांचा ठोकताळा. १८८६ पासून दरवर्षी अंदाज निघू लागला. मग १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आले. ते गणिती. जगभरातल्या वेधशाळांचे आकडे मागवून त्यांनी कशाचा कशाशी संबंध लागतो ते तपासलं आणि प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचा हवेचा दाब एकमेकांच्या उलट वर-खाली होतो हे दाखवलं. एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो. आज एल निनो म्हणून आपण जे ऐकतो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, त्याचा हा हवेतला अर्धा भाग.

एल निनोबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. एल निनो म्हणजे दुष्काळच, असं नाही. १९९७ चा एल निनो त्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक, आणि त्या वर्षी देशात पाऊस पडला १०२ टक्के. हिंदी महासागराची पश्चिम बाजू तेव्हा तापलेली होती, आणि तिकडची ही उलथापालथ पावसाला मदत करते हे १९९९ ला संशोधनातून पुढे आलं. मग २००२ बघा. एल निनो त्यामानाने बेताचा, अंदाज सरासरीइतक्या पावसाचा, आणि जुलै महिन्यात पाऊस आला निम्म्याच्या आसपास. पेरलेलं उगवलं आणि वाळलं. हंगाम संपला तेव्हा तूट होती १९ टक्के.

२००२ चं ते वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळा हंगाम एका जुलैने बुडवला. एका लांबलेल्या खंडाने.

मग हे खंड येतात कुठून? इथे मला हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळांबद्दल सांगायचंय, आणि जरा सावकाश सांगायचंय.

सुलोचनाताई पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, हार्वर्डला पीएच.डी. केली, १९७१ ला परत आल्या आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, काम करू लागल्या. पुढे त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. १९८० ला त्यांचा आणि डी. आर. सिक्का यांचा एक शोधनिबंध आला. तेव्हा उपग्रहाची छायाचित्रं नवी होती. या दोघांनी १९७३ ते ७७ या पाच वर्षांची रोजची छायाचित्रं घेतली आणि भारताच्या रेखांशांवर दाट ढगांचा पट्टा कुठल्या अक्षांशावर आहे, हे दिवसामागून दिवस टिपलं. रोज. पाच वर्षं.

(पडद्यावर: विषुववृत्तापासून वर सरकणारा पट्टा)

त्यातून दिसलं ते असं. ढगांचे पट्टे दोन असतात. एक आपल्या जमिनीवर, दुसरा खाली विषुववृत्ताजवळ समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा विरला की आपल्याकडे खंड पडतो. मग समुद्रावरून दुसरा पट्टा हळूहळू उत्तरेकडे सरकत येतो आणि पावसात पुन्हा जीव येतो. दोन ते सहा आठवड्यांनी हे पुन्हा पुन्हा घडतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९७१ ला, मॅडन आणि ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांना विषुववृत्ताच्या कडेने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारी ढगांची अशीच एक मोठी लाट सापडली होती. तिची फेरी तीस ते साठ दिवसांची. ती हिंदी महासागरावर आली की आपल्या पट्ट्यालाही बळ मिळतं.

आता यातली गंमत बघा, आणि सगळ्या व्हिडिओतलं हेच मला सांगायचंय. हवेतली रोजची गडबड दहा-पंधरा दिवसांपलीकडे आधी सांगता येत नाही. सुरुवातीचा बारीकसा फरक वाढत वाढत सगळंच बदलून टाकतो. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने ते १९६३ ला दाखवलं. चार महिन्यांचा ढोबळ अंदाज सांगता येतो, कारण समुद्राचं तापमान सावकाश बदलतं. आणि या दोन्हींच्या मधली, दोन ते चार आठवड्यांची जागा बराच काळ रिकामी होती. पेरायचं कधी, खुरपणी आधी उरकायची का, खत टाकायचं की थांबायचं, हे सगळे निर्णय नेमके त्याच जागेतले. सरकणारा पट्टा ही जागा भरून काढतो, कारण तो निघाला की पुढे कुठे जाणार याचा माग लागतो.

सुलोचनाताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमूग पेरणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्या बसल्या. जुन्या पावसाच्या नोंदी काढून पेरणी कधी केली तर पीक साधतं ते त्यांच्याबरोबर तपासलं. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्या शाळांत मुलांना सांगितलं जावं, असं मला फार वाटतं.

२०१२ ला मॉन्सून मिशन सुरू झालं. त्यात समुद्र आणि हवा यांना एकत्र गुंफणारं अमेरिकेतलं एक प्रारूप, म्हणजे संगणकावर सोडवायचं हवामानाचं गणित, आयआयटीएमने आपल्या पावसासाठी तयार केलं. संगणक तेच गणित एकदा सोडवून थांबत नाही. आजच्या नोंदींत थोडा थोडा फरक करून ते अनेकदा सोडवतो. सगळी उत्तरं साधारण एकाच बाजूला गेली तर भरवसा जास्त. पांगली तर शास्त्रज्ञही हात राखून बोलतात. म्हणून अंदाजात "शक्यता ६० टक्के" असं येतं. याचा अर्थ त्यांना माहीत नाही असा लावू नका. दहा वेळा असा अंदाज दिला तर सहा वेळा पाऊस यावा आणि चार वेळा येऊ नये, इतका तो नेमका दावा आहे.

मग चुकतं कुठे? गणितासाठी हवेचे चौकोन पाडावे लागतात. या प्रारूपातला एक चौकोन साधारण ३८ किलोमीटरचा. त्यात महाबळेश्वर आणि वाई दोन्ही मावतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, घाट उतरून वाईला गेलं की हजाराच्या आत. चौकोनाला एकच आकडा द्यायचा, तर कुणाचा द्यायचा? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३.

काकांचा फोन आला त्याच दिवशी, २६ मे २०२५ ला, आयआयटीएमची नवी प्रणाली राष्ट्राला अर्पण झाली: भारत फोरकास्ट सिस्टीम. चौकोन ६ किलोमीटरचा. पुण्यातला अर्क हा महासंगणक सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी करतो, म्हणून ते जमतं. तरीही एकेकटा ढग या चौकोनापेक्षा लहानच असतो. ढगाच्या पोटात काय चालतं ते नियमांनी बसवावं लागतं, आणि ते नियम शोधायला विमानं ढगात न्यावी लागतात. आमच्या सोलापूरच्या आकाशात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ही विमानं फिरत होती. महाबळेश्वरला तर ढगांचीच प्रयोगशाळा आहे, कारण तिथे ढग दारात येतात.

आणि पाऊस स्वतःही बदलतोय. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवलं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. ती वाफ मग एकदम रिती होते.

आता काकांकडे परत.

मी त्या दिवशी पुढच्या आठवड्यांचा नकाशा उघडला. त्यावर आपल्या भागात पाऊस ओसरताना दिसत होता. शिवाय कृषी विभागही घाई करू नका म्हणून सांगत होता. झालंही तसंच. २९ मेपासून १६ जूनपर्यंत मॉन्सून कुठवर पोचला ते दाखवणारी नकाशावरची रेषा जागची हलली नाही. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने काढलेले अंदाज मोबाइलवर पाठवले, मराठीतही, आणि त्यांत या विश्रांतीची सूचना होती. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारलं, तेव्हा ३१ ते ५२ टक्के जणांनी पेरणी किंवा मशागतीचा बेत त्यानुसार बदलल्याचं सांगितलं.

काका थांबले. शेजारच्या दोघांनी पेरलं. एकाचं तगलं, दुसऱ्याला दुबार पेरणी करावी लागली.

पण पुढचंही सांगायलाच हवं. सप्टेंबरात सीना फुगली, मराठवाडा-सोलापुरात रानंच्या रानं पाण्याखाली गेली, आणि काकांचं काढणीला आलेलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. जूनमध्ये थांबून वाचवलेलं बियाणं सप्टेंबरच्या पाण्यापुढे काही करू शकलं नाही. तो फोन मला आजही आठवतो. काका काही बोलत नव्हते, नुसता पावसाचा आवाज येत होता.

तर तुमच्यासाठी. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतो. पहिले दोन आठवडे नीट वाचा, त्यांवर बेत आखता येतो. तिसऱ्याचा भरवसा कमी. चौथा फक्त कल दाखवतो, त्याच्यावर पैसे लावू नका. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालाय का, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलाय का, ते रानात जाऊन बघा, आणि मगच नकाशातला पुढचा पंधरवडा त्याला जोडा.

काकांनी यंदा बांधावर पर्जन्यमापक लावलाय. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं केंद्र त्यांच्या रानापासून बरंच लांब, तिथला आकडा त्यांना कधीच आपला वाटला नाही. आता रोज सकाळी साडेआठला ते मिलिमीटर दिनदर्शिकेवर लिहितात आणि मला पाठवतात. मी शेजारी गुरुवारचा अंदाज लिहून ठेवते. दिवाळीनंतर दोन्ही रकाने तुम्हाला इथेच दाखवते, जिथे चुकलं असेल त्या आठवड्यांसकट.