आई, आता टेप बंद कर

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच तुम्हांला एक आवाज ऐकवतो. रेडिओजवळ मांजर बसलं असेल तर आवाज जरा बारीक करा.

(ध्वनी : कॅसेटवरची एकसुरी शीळ, मागोमाग खरखर. आठ सेकंद.)

घाबरू नका, तुमचा रेडिओ ठीक आहे. तुम्ही आत्ता संगणकाचा प्रोग्राम ऐकलात. आधीची शीळ म्हणजे "सावध, येतोय" अशी हाक, आणि नंतरची खरखर म्हणजे शून्य आणि एक. शून्य असेल तर १२०० हर्ट्झची एक लाट, एक असेल तर २४०० हर्ट्झच्या दोन. १९८०च्या दशकात घरगुती संगणकाला डिस्क जोडणं खिशाला परवडत नसे. घरातला टेपरेकॉर्डर हीच त्याची वही. प्रोग्राम लिहायचा आणि गाण्यासारखा टेप करून ठेवायचा.

टेप करता येतं ते रेडिओवरूनही धाडता येतं. नेदरलँड्समधल्या रेडिओनं असे प्रोग्राम प्रसारित केले. बेलग्रेडला १९८३ सालापासून झोरान मोदली नावाचा निवेदक आपल्या संगीताच्या कार्यक्रमात मधूनच ही खरखर लावायचा, आणि पोरं घरोघरी रेकॉर्डचं बटण दाबून बसायची. तेव्हा मघाचे आठ सेकंद कोणी टेप केले असतील, तर पाचेकशे अक्षरं तुमच्याही घरी पोचली.

आमच्या डिचोलीच्या घरी संगणक आला तो १९८८ साली, कुवेतहून. काका तिथं नोकरीला होते. गोव्यात गल्फहून रजेवर येणारा माणूस काय काय आणायचा ते तुम्हांला सांगायला नको: साबणाच्या वड्या, दुधाच्या पावडरीचे डबे, टू-इन-वन. काकांनी त्या वर्षी ब्लँकेटात गुंडाळून एक कीबोर्ड आणला. नाव सख्र. अरबीत सख्र म्हणजे खडक. अल आलमिया नावाची कुवेतची कंपनी, आणि संगणक एमएसएक्स जातीचा. एमएसएक्स ही १९८३ साली जपानमध्ये निघालेली सामाईक पद्धत. कंपनी कुठलीही असो, एकाची कार्ट्रिज, म्हणजे खाचेत बसवायची प्रोग्रामची डबी, दुसऱ्याला चालली पाहिजे, हा त्यामागचा विचार. तेव्हा बाकी सगळ्या कंपन्यांचे संगणक एकमेकांशी अबोला धरून बसलेले असत, म्हणून मला ही कल्पना अजूनही फार शहाणपणाची वाटते.

आमच्या सख्रच्या बहुतेक कळांवर दोन-दोन अक्षरं, एक रोमन आणि एक अरबी. अरबीवर टाकला की अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत जायची. आजी सोप्यावरून बघायची आणि म्हणायची, "ह्याला सरळ लिहायला शिकवा रे कोणी तरी."

तो संगणक आजही चालतो. कसा, ते सांगतो, कारण पत्र्याच्या पेट्यांतून अशी यंत्रं गोव्यात अजून निघतात.

आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस. लोखंडाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, पण कॅसेटलाही बुरशी येते. फितीच्या रिळावर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट आधी मशीनमध्ये घालू नका, फीत वाचणाऱ्या हेडलाही लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. माझं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यात दोन भागांत होतं. बायको सोलं आणि सुक्या मिरच्या भरते, मी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या भरतो. आमचे डबे एकदा बदलले होते, त्यावर इथं अधिक बोलत नाही.

आणि दर रविवारी तासभर यंत्र चालू ठेवायचं. आतली ऊब सर्द हवेला बाहेर काढते, कळांचे संपर्क मोकळे राहतात. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले जुने संगणक मी पाहिले आहेत. वरून चकचकीत, आणि उघडलं तर आतल्या चिपांच्या पायांना हिरवा गंज. मला ते बघवत नाही.

आता माझी स्वतःची चूक. माझ्याकडे स्पेक्ट्रम प्लस नावाचा दुसरा संगणकही होता. मूळ ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं तो परवान्यानं "डीबी स्पेक्ट्रम प्लस" म्हणून विकला. त्यात 'जे'ची कळ दाबली की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो, म्हणजे टेपवरून प्रोग्राम भर. टेप लागली की पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि ते धावायला लागले की पोटात गोळा येतो. त्याला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण पिनेचा मधला भाग ऋण. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मधला भाग धन. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक अडॅप्टर घेतला, पिन बसली, खूश झालो, बटण दाबलं. आतला ट्रान्झिस्टर गेला आणि त्याच्यामागोमाग मेमरीच्या चिपाही गेल्या. अडॅप्टरवरचं चित्र विकणाऱ्यानं मला दाखवलंही होतं. आता मी आधी मल्टिमीटर लावतो, मग हात.

टेपरेकॉर्डरचं दुखणं वेगळं. रबरी बेल्ट सैल होतो, हेड तिरकं होतं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून, कान स्पीकरला लावून, तंबोरा लावावा तसा तो पाव-पाव आटा फिरवायचा. खरखर सगळ्यात धारदार ऐकू आली की थांबायचं. सख्रच्या पोटातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, 'टक्' करून मोटर थांबवतो, तो 'टक्' वेळेवर आला की समजावं, जमलं. हल्ली मेमरी कार्डातून सेकंदात प्रोग्राम भरणारी साधनं मिळतात. मीही वापरतो. पण चवथीला घर भरलं की पोरांना टेपच लावून दाखवतो.

मघाशी ऐकवलेली कॅसेट काकांची. तेव्हा फोन महाग, म्हणून गल्फचे लोक कॅसेटवर बोलून पत्रं धाडायचे. ही १९८९ची. तिच्यात काका आजीशी वीस मिनिटं बोलतात: पाऊस झाला का, माडांना पाणी कोण घालतं, गुडघा कसा आहे. मग म्हणतात, "आई, आता टेप बंद कर. पुढचं मुलांसाठी आहे, तुला त्रास होईल." आणि शीळ सुरू होते. माझ्यासाठी त्यांनी बेसिक या संगणकाच्या भाषेत पाढ्यांचा खेळ लिहून पाठवला होता.

आजीनं टेप बंद केली, पण चुकीचं बटण आधी दाबून. खरखरीच्या मध्ये दोन सेकंद आमच्या सोप्यावरचा कोंबडा आरवतो, आणि आजी विचारते, "कोण गो तें?" संगणकाला तो कोंबडा कधीच समजला नाही. तो तिथं पोचला की 'डिव्हाइस आय/ओ एरर' म्हणून थांबायचा. पुढच्या रजेत काका नीट करून देणार होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, आणि काका अम्मानहून विमानानं आले ते एका पिशवीसह. तिकडचा त्यांचा संगणक तिकडेच राहिला.

गेल्या पावसात मी ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवली आणि कोंबड्याच्या आधीच्या-नंतरच्या ओळी वेगळ्या काढल्या. दोनशेच्या वर अक्षरं गेली आहेत, म्हणजे प्रोग्रामच्या सातआठ ओळी. कागदावर छापून काकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, आणि गाळलेल्या जागेशी थांबून म्हणाले, "इथं बरोबर उत्तर आलं की एक गाणं वाजायचं. कुठलं, ते मात्र आठवत नाही."

दर रविवारी फोन करून विचारतो. अजून आठवलेलं नाही.