पंगतीतला कल्ला आणि कॉक्लिअर इम्प्लांट

श्रोतेहो, नमस्कार.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून श्रवणाच्या मज्जातंतूला विद्युतसंदेश देणारे यंत्र. ते बसवलेल्या व्यक्तीशी शांत खोलीत बोलताना सहसा फारशी अडचण येत नाही. पण तीच व्यक्ती लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसली, की आपले निम्मे बोलणे तिच्या हाती लागत नाही. अशा वेळी घरचेच सुचवतात, ‘यंत्राचा आवाज जरा वाढव.’ सल्ला प्रेमाचा असला, तरी उपयोगाचा नसतो.

निरोगी कानाच्या शंखाकृती कॉक्लियामध्ये ध्वनीची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे ३,५०० केशपेशी असतात. त्यांचे काम इम्प्लांटमध्ये, बनावटीनुसार, साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावे लागते. त्यातही कॉक्लियातल्या द्रवात विद्युतप्रवाह पसरतो आणि शेजारच्या इलेक्ट्रोडचे संदेश एकमेकांत मिसळतात, त्यामुळे अनेकांना प्रत्यक्षात जेमतेम आठेक स्वतंत्र वाहिन्यांइतकाच लाभ मिळतो. शांततेत एवढ्यावर भागते. संशोधक रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ध्वनीचे कमी-अधिक उंचीनुसार केवळ चार पट्टे ठेवले तरी चांगले ऐकू येणाऱ्या माणसाला शांततेत बोलणे समजते. गोंगाटात मात्र हा हिशेब कोलमडतो.

दोन माणसे एकाच वेळी बोलत असली, तर आपण त्यांचे आवाज मुख्यतः स्वराच्या उंचीवरून वेगळे करतो आणि एकाच्या क्षणभराच्या विरामात दुसऱ्याचा शब्द टिपतो. इम्प्लांटचा प्रोसेसर, म्हणजे ध्वनीचे विद्युतसंदेशात रूपांतर करणारा भाग, प्रत्येक पट्ट्यातील ध्वनीचा चढउतार पोचवतो, पण स्वराची उंची ओळखण्यास लागणारे सूक्ष्म तपशील बहुतांशी गळून पडतात. ओल्या कागदावर दोन ओळींची शाई एकमेकींत उतरावी, तसे दोन्ही आवाज मिसळतात. आवाज वाढवल्याने दोन्ही ओळी फक्त अधिक गडद होतात.

म्हणून उपाय शोधायचा तो अंतरात. मोकळ्या जागी बोलणाऱ्याने अंतर निम्मे केले, तर त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि गोंगाट आहे तेवढाच राहतो. वर्गात शिक्षकांच्या गळ्याशी लावलेला बिनतारी मायक्रोफोन हेच साधतो. अनेक प्रोसेसरच्या मायक्रोफोनना समोरचा आवाज प्राधान्याने टिपण्यावर ठेवता येते, तेव्हा लाऊडस्पीकर त्या व्यक्तीच्या पाठीमागे आणि बोलणारा समोर, उजेडात असावा, म्हणजे ओठही वाचता येतात. (रेडिओवर ती सोय नाही, निदान निवेदनाखाली संगीत तरी वाजवू नये, असे माझे मत आहे.)

आणखी एक. शब्द कळला नाही, तर तोच ओरडून सांगू नये, कारण ओरडताना ओठांची हालचाल विकृत होते. पंगतीत नुसते ‘भात?’ असे विचारण्यापेक्षा ‘आता भात वाढत आहेत, तुला हवा का?’ असे विचारले, तर निसटलेला शब्द संदर्भाने भरून काढता येतो.

नमस्कार.