पहिली सूट फुकट

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरातल्या कंबर तलावाच्या कडेला संध्याकाळी चार मित्र बसले आहेत, विषय निघालाय नुकत्याच पाहिलेल्या अंतराळपटाचा. पहिला म्हणतो, "भारी होता." दुसरा म्हणतो, "असं कुठं असतंय व्हय?" तिसऱ्यानं मूळ कादंबरी वाचलेली असते, त्याचं म्हणणं पुस्तकात असं नव्हतंच. आणि चौथा म्हणतो, हे सगळं आपल्या पुराणांत आधीच सांगून ठेवलंय. झालं, पाच मिनिटांत गप्पा आटपतात. माणसं हुशार असतात, सिनेमाही चांगला असतो, पण या चारही वाक्यांना पुढं जायला वाट नसते. ती वाट कशी काढायची, त्याबद्दल आज बोलू या.

विज्ञानकथा लिहिणारा आपल्याकडं एक सूट मागतो. "समजा, असं झालं तर?" ही ती सूट. समजा प्रकाशापेक्षा वेगानं जाता आलं, समजा माणसाची ऑफिसातली आठवण आणि घरातली आठवण वेगळी करता आली. ही पहिली सूट फुकट द्यायची. तिच्यावर भांडण नाही. मात्र त्यानंतर जे जे घडेल, ते त्या एका सुटीच्या हिशोबात बसलं पाहिजे. लेखकानं दुसरी सूट मागितली, तर बदल्यात त्यानं काय दिलं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. म्हणून गप्पांना बसल्यावर पहिलं काम एकच: प्रत्येकानं त्या कथेतली सूट एका वाक्यात कागदावर लिहायची, एकमेकांचं न बघता. चौघांची चार वेगळी वाक्यं निघाली, तर पुढचा तासभर कुठं जाणार हे कळलंच म्हणून समजा.

'ड्यून' घेऊ. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी १९६५ सालची. डेनी व्हिलनव्हनं तिच्यावर काढलेले दोन चित्रपट २०२१ आणि २०२४ मध्ये आले. अराकिस नावाचा अख्खा ग्रह वाळवंट आहे. तिथले लोक अंगात स्टिलसूट घालतात. घाम आणि श्वासातली वाफ हा पोशाख गोळा करतो, गाळतो आणि नळीतून प्यायला परत देतो. मे महिन्यातल्या सोलापूरकराला हा पोशाख आपल्यासाठीच शिवलाय असं वाटेल. पण तो चालेल का?

घाम आपल्याला थंड करतो तो ओला असतो म्हणून नाही, तो उडून जातो म्हणून. एक लिटर घाम उडताना अंगातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम आला, तर हे काम साधारण ६७० वॅटचं झालं. आता हीच वाफ पोशाखाच्या आत पकडली आणि तिचं पुन्हा पाणी केलं, तर तेवढीच्या तेवढी उष्णता तिथंच सुटते. म्हणजे पाणी वाचलं आणि उष्णताही घरातच राहिली. आपण कूलर खिडकीत का बसवतो? बाहेरची कोरडी हवा गवतातून आत यावी आणि दमट हवा दुसऱ्या खिडकीनं निघून जावी म्हणून. तोच कूलर दारं-खिडक्या लावून खोलीच्या मधोमध ठेवा. थोडा वेळ बरं वाटेल, मग सगळी खोली दमट होईल आणि थंडावा थांबेल. स्टिलसूट हा दारं लावलेल्या खोलीतला कूलर आहे.

मग ती उष्णता बाहेर ढकलायची कशी? बाहेर ४४ अंश आणि अंग ३७ अंश असताना ती आपणहून बाहेर जाणार नाही. फ्रिजसारखा पंप लागेल. कादंबरीत त्याचं उत्तर आहे: पोशाखाचे पंप माणसाच्या श्वासावर आणि चालण्यावर चालतात, टाचेतही पंप आहेत. इथं पेन्सिल काढा. घरातला एसी एक वॅट वीज खाऊन तीन-चार वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्या हिशोबानं ६७० वॅटसाठी जवळपास १९० वॅट लागतील. सायकल जोरात मारणारा धडधाकट माणूस सलग एवढं देऊ शकतो, पण स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्शाच्या आसपास असते, म्हणजे १९० वॅटचं काम करताना अंगात आणखी ५५०-६०० वॅट उष्णता तयार होते. ती काढायला अजून पंप. घाम टिपायला धावावं आणि धावल्यानं अजून घाम यावा, असं हे चक्र आहे.

भर दुपारी पोशाख फसतो, हे पक्कं. पण इथं थांबू नका, कारण खरी गंमत पुढं आहे. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅटच उष्णता टाकतं. रात्री हवा अंगापेक्षा थंड असते, उष्णता आपणहून निघून जाते. आणि कादंबरीतले वाळवंटी लोक नेमकं तेच करतात: दिवसा दडून राहतात, रात्री चालतात. शिवाय पाण्याची टंचाई लेखकानं पोशाखापुरती ठेवलेली नाही. पाहुण्यासमोर थुंकणं हा तिथं मान आहे, कारण त्यानं आपलं पाणी दिलं. मेलेल्यासाठी रडणं ही फार मोठी देणगी आहे. म्हणजे यंत्राचा हिशोब थोडा कच्चा, पण माणसांचा हिशोब पक्का. माझ्या मते 'ड्यून' साठ वर्षं टिकली ती या दुसऱ्या हिशोबावर. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला ती जास्त जवळची वाटावी.

उलटं उदाहरण मंगळाचं. 'द मार्शियन'ची सुरुवात वादळानं होते आणि त्या वादळात यान उलटायच्या बेताला येतं. मंगळावरची हवा आपल्यापेक्षा साधारण साठपट विरळ आहे. तिथं ताशी १७५ किलोमीटरचा वारा सुटला, तरी त्याचा धक्का आपल्याकडच्या २२-२३ किलोमीटरच्या वाऱ्याएवढा. दोरीवरची चादर फडफडेल, यान उलटणार नाही. लेखक अँडी वीअरला हे ठाऊक होतं. नायकाला मंगळावर एकटं मागं ठेवायचं, म्हणून त्यानं ही सूट घेतली आणि नंतर तसं मोकळेपणानं सांगितलंही. बदल्यात पुढची सगळी कादंबरी त्यानं बटाटे, पाणी आणि ऑक्सिजनच्या काटेकोर हिशोबावर उभी केली. सौदा चांगला आहे.

आता 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. लिऊ त्सशिन यांची ही चिनी कादंबरी २००६ मध्ये मासिकातून आली, २००८ मध्ये पुस्तक झालं, केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ चा आणि त्याला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार, २०१५ चा. तिच्यावर २०२३ मध्ये ३० भागांची चिनी मालिका आली आणि २०२४ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सची आठ भागांची. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेला एक ग्रह, कधी होरपळतो, कधी गोठतो, आणि तिथल्या लोकांना आपली पृथ्वी दिसते.

ते तीन तारे म्हणजे आपल्या शेजारचा 'मित्र' नावाचा तारा, अल्फा सेंटॉरी. प्रत्यक्षात तिथं एवढा गोंधळ नाही. दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती नीट फेरी घालतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास १३ हजार पट लांब आहे. लेखकानं तिघांना जवळ आणलं, ही त्याची सूट. पण तिघं जवळ आल्यावर काय होईल, ते त्यानं बरोबर दाखवलंय. दोन गोलांची गती सूत्रात मांडता येते. तीन गोलांसाठी, काही खास मांडण्या सोडल्या तर, असं सरसकट सूत्र नाही, आणि सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक पुढं वाढत वाढत सगळं भाकीत मोडून टाकते. पृथ्वी बळकवायला निघालेलं त्या ग्रहावरच्या लोकांचं आरमार इथं पोचायला चारशे वर्षं घेतं. चार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त अंतर, चारशे वर्षं: वेग प्रकाशाच्या एक शतांश, सेकंदाला ३००० किलोमीटर. नासाचं पार्कर यान २०२४ च्या डिसेंबरात सूर्याजवळून सेकंदाला १९२ किलोमीटर वेगानं गेलं. म्हणजे शत्रू आपल्या पंधरापटच पुढं आहे. तरी कथेत त्याला आपली भीती वाटते. ती का वाटावी? या प्रश्नावर चौघांना बसवा. संबंध कथानक त्याच्यावर उभं आहे.

आता आपला चौथा मित्र, पुराणांतलं सांगणारा. त्याला गप्प करू नका, त्याच्या हातात पंचांग द्या. २०२४ च्या जूनमध्ये आलेला नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' याच कामाचा. आपल्या सोलापुरातूनच निघणारं दाते पंचांग उघडा. कलियुगाची किती वर्षं सरली, हे काढायला शकात ३१७९ मिळवायचे. शके १९४७ म्हणजे ५१२६ वर्षं सरली. सिनेमातलं साल २८९८, त्यातून ७८ वजा केले की शके २८२०, त्यात ३१७९ मिळवले की ५९९९. कलियुगाची सहा हजार वर्षं भरायला एक वर्ष कमी! नावातलं साल उगाच निवडलेलं नाही. पण परंपरेनं कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं आणि कल्की येणार त्याच्या अखेरीला. मग तो सव्वाचार लाख वर्षं आधी का आला? याचं उत्तर कथा देते का, पुढच्या भागावर ढकलते का, की विसरूनच जाते? पुराणांची बाजू घेणारा मित्र इथं सर्वांत उपयोगी पडतो, कारण नियम त्यालाच नीट माहीत असतात.

अद्भुताच्या कथेत विज्ञान नसतं, म्हणून हिशोबही नसतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिथं किंमत विचारायची: जादूला काय मोजावं लागतं? या बाबतीत 'तुंबाड'इतका चोख सिनेमा हल्ली मी दुसरा सांगू शकणार नाही. २०१८ मध्ये तो आला आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा लोकांनी उचलून धरला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, एक धागा नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतला. हस्तर हा त्यातला शापित देव. त्याच्याकडं सोनं अमाप, पण तो कायमचा उपाशी. आत उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढं करायची आणि तो ती खाईपर्यंत जेवढ्या मोहरा ओढता येतील तेवढ्या ओढायच्या. एक बाहुली, मूठभर मोहरा, एक खेप. नियम एवढेच, आणि सगळे डोळ्यांसमोर मांडलेले. पाहताना मध्येच ज्याच्या मनात आलं, "एकाऐवजी जास्त बाहुल्या नेल्या तर?", त्याला सिनेमा कळला. शेवट मी सांगत नाही.

आता बैठकीचं. चार ते सहा माणसं पुरेत. आठच्या वर गेली की दोन वेगवेगळ्या गप्पा सुरू होतात. वेळ दीड तास. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो आवृत्तीचा. सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा मित्र 'कल्की' तेलुगूत बघतो, दुसरा हिंदी डबमध्ये, आणि दोघं एकाच संवादावर तावातावानं भांडतात, कारण तो संवाद एक नसतोच. 'थ्री-बॉडी'ची चिनी मालिका पाहिलेला आणि नेटफ्लिक्सची पाहिलेला यांच्यात तर पात्रंसुद्धा जुळत नाहीत. दुसऱ्या मालिकेनं निम्मी गोष्ट इंग्लंडात नेली आहे. म्हणून कोणती भाषा, कोणती मालिका, कितव्या भागापर्यंत, हे आठवडाभर आधी ठरवून टाका. मालिका अख्खी संपवून बसू नका. ऑफिसातली आणि घरातली आठवण वेगळी करणाऱ्या 'सेव्हरन्स'सारखी मालिका तीन-तीन भागांनी घ्या. दहाव्या भागानंतर पहिल्या भागात काय अंदाज केला होता, ते कोणालाच आठवत नाही, आणि अंदाज चुकतात कुठं हे पाहण्यातच अर्धा आनंद आहे. ज्याचं पाहून झालेलं नाही, त्यानं पहिला अर्धा तास बसावं आणि मग चहा सांगायला उठावं. शेवट त्यानंतरच फोडायचा.

आणखी एक अडचण: नुसत्या चुका मोजत बसणारा मित्र. त्याला एक अट घाला. चूक दाखवली की ती दुरुस्त केल्यावर कथेचं काय होतं, तेही त्यानंच सांगायचं. मंगळावरचं वादळ काढून टाकलंस, मग नायक मागं राहिला कसा? विजेच्या लोळानं? दरड कोसळून? बहुतेकदा याच जागी मित्रांमधून लेखक निघतो.

पहिल्या बैठकीला मात्र सिनेमा घेऊ नका. जयंत नारळीकरांची एखादी कथा घ्या, 'यक्षांची देणगी' या संग्रहातली. तासाभरात वाचून होते, मराठीत आहे, आणि आवृत्तीचा घोळ नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी लावून! मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, कथा कथा म्हणून तोलली जावी, हा त्यामागचा विचार. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वाचताना आपणही तसंच करा: लेखकाचं नाव झाका, सूट शोधा, कागदावर लिहा.

दुसऱ्या बैठकीला 'ड्यून'. कूलरचा हिशोब आज आपण केलाच. टाचेतल्या पंपाचा तेवढा बाकी आहे. सत्तर किलोचा माणूस, दर पावलाला टाच एक सेंटिमीटर दबते, सेकंदाला दोन पावलं. किती वॅट होतात, ते काढूनच बसा.

नमस्कार.