कांद्याची चाळ आणि गॅसचं जहाज

(गोदाकाठच्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

पुढे सतरंजीवर अजून जागा आहे, मागे उभे असलेल्यांनी या. विषय गॅसचा असला तरी भीतीचं कारण नाही.

नाशिकला सीएनजी नवा नवा आला होता तेव्हाची गोष्ट. रात्री साडेदहाला मी पंपावर रांगेत, पुढे सतरा-अठरा रिक्षा. शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं, "काय झालं हो?" तो मागच्या सीटवर आडवा झालेला. डोळे न उघडता म्हणाला, "गाडी नाही आली." गाडी म्हणजे टँकर. तेव्हा शहरापर्यंत पाइपलाइन नव्हती. गुजरातच्या किनाऱ्यावर उतरलेला गॅस द्रवरूपातच, उणे १६२ अंशांवर, थर्मासच्या बाटलीसारख्या टँकरमधून रस्त्याने यायचा आणि इथे आल्यावर त्याचा पुन्हा वायू व्हायचा. ऐन मे महिन्यात तिथल्या नळ्यांवर पांढरं बर्फ धरलेलं असायचं. रिक्षावाले लांबून त्याकडे बघत तंबाखू मळत बसायचे.

आजचा सगळा विषय त्या माणसाच्या तीन शब्दांत आहे. फक्त त्याची गाडी गुजरातहून येत होती आणि देशांच्या गाड्या समुद्रापलीकडून येतात.

आपला देश वापरतो त्यातला जवळपास निम्मा नैसर्गिक वायू बाहेरून येतो. स्वयंपाकाचं लाल सिलिंडर यात धरू नका, तो एलपीजी, त्याची गोष्ट वेगळी. मी बोलतोय तो मिथेन. तो स्वयंपाकघरात नळीने येतो, सिटीलिंकच्या बसमध्ये सीएनजी म्हणून भरतात, आणि मुख्य म्हणजे त्याच्यापासून युरिया होतो. निफाड-दिंडोरीकडची मंडळी बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. ४५ किलोची ती गोणी तुम्ही २६६ रुपये ५० पैशांना उचलता, ती म्हणजे मुळात गॅसच आहे. वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. गोणीचा भाव हलत नाही म्हणून गॅसचा भाव हलत नाही असं नाही. तो फरक सरकार भरतं, म्हणजे तुम्ही-आम्हीच भरतो, वेगळ्या खिशातून.

गॅस परदेशातून आणायचे मार्ग दोन, पाइप किंवा जहाज. आपल्याकडे सीमा ओलांडून येणारा एकही पाइप नाही. प्रयत्न झाले. इराणहून पाकिस्तानमार्गे आणायचं ठरत होतं, ते बारगळलं. मग तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत अशी सुमारे १,८०० किलोमीटरची लाइन. डिसेंबर २०१५ मध्ये तिचं भूमिपूजन झालं, आपले तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी त्याला हजर होते. आपल्या हद्दीत ती आजवर वीतभरही आलेली नाही. तेव्हा आपण हळहळलो. मला विचाराल तर त्यात काही वाईट झालं नाही, आणि का ते सांगायला मला तुम्हाला लिथुआनियाला न्यावं लागेल.

लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. लोकसंख्या अठ्ठावीस-एकोणतीस लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एका नाशिक जिल्ह्याची ६१ लाख होती. म्हणजे आपल्या अर्ध्या जिल्ह्याएवढा देश, आणि थंडी अशी की हिवाळ्यात घर तापवलं नाही तर माणूस आजारीच पडायचा. सोव्हिएत काळात पाइप टाकले ते सगळे पूर्वेकडून आलेले. १९९० साली देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण पाइपचं तोंड होतं तिकडेच राहिलं. एकच विकणारा, रशियाची गॅझप्रॉम. त्यात युरोपीय संघात घेताना घातलेल्या अटीनुसार २००९ च्या अखेरीस त्यांचं इग्नालिनाचं अणुवीज केंद्र बंद झालं, आणि गॅसवरचा भार आणखी वाढला.

एकच गिऱ्हाईक किंवा एकच व्यापारी असला की भावाचं काय होतं, हे लासलगावच्या माणसाला मी काय सांगणार! लिथुआनिया जर्मनीपेक्षा रशियाच्या जवळ, तरी जर्मनीपेक्षा जास्त भावाने गॅस घ्यायचा. वाहतुकीचा खर्च कमी आणि भाव जास्त. का? जर्मनीला आणखी दोघा-तिघांकडून घेता येत होतं, याला नव्हतं. त्यांनी स्टॉकहोमच्या लवादाकडे दाद मागितली, आमच्याकडून जादा घेतले म्हणून. २०१६ मध्ये निकाल विरुद्ध गेला. पण तोवर त्यांनी दुसरंच काहीतरी केलं होतं.

त्यांनी एक जहाज भाड्याने घेतलं. साधं मालवाहू नव्हे, तरंगतं टर्मिनल. द्रवरूप गॅस घेऊन दुसरी जहाजं त्याला येऊन लागतात. हे जहाज तो गॅस पोटात साठवतं, गरम करून त्याचा वायू करतं आणि पाइपात सोडतं. दक्षिण कोरियात बांधलेलं, नॉर्वेच्या कंपनीकडून दहा वर्षांच्या बोलीवर घेतलेलं, लांबी जवळपास तीनशे मीटर. पंचवटी एक्स्प्रेसचे बारा डबे एकामागोमाग उभे करा, तेवढं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते क्लायपेडा बंदरात आलं. नाव ठेवलं 'इंडिपेंडन्स'. एवढ्या उघड अर्थाचं नाव जहाजाला क्वचितच असेल.

आता तारखा नीट ऐका. जहाज आलं ऑक्टोबरात. आणि गॅझप्रॉमने लिथुआनियाचा भाव सुमारे २० टक्के उतरवला तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात! जहाज बंदराला लागायचं होतं, त्यातून एक फुगाही भरला नव्हता. दुसरं दार बसतंय एवढं दिसलं, आणि इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते जमलं.

हे फुकट झालं नाही. जहाजाचं भाडं सगळ्या गॅस ग्राहकांच्या बिलात लागलं. पहिली काही वर्षं त्या टर्मिनलच्या क्षमतेचा थोडाच भाग वापरला जायचा, आणि लोक म्हणायचे, वापरत नाही त्याचे पैसे कशाला? देशातला गॅसचा सर्वांत मोठा ग्राहक एक खत कारखाना, तो तर कोर्टात गेला. मला त्यांचा राग येत नाही. आपल्या इमारतीत जनरेटर घ्यायचं ठरतं तेव्हा सोसायटीच्या सभेत काय होतं, आठवा.

मग २०२२ उजाडलं. युक्रेनवर हल्ला झाला. २७ एप्रिलला गॅझप्रॉमने पोलंड आणि बल्गेरियाचा पुरवठा तोडला, रुबलमध्ये पैसे देत नाही म्हणून. लिथुआनियाने त्याआधीच, त्याच महिन्याच्या सुरुवातीला, आपण होऊन सांगितलं होतं की आजपासून रशियाचा गॅस घेणार नाही. युरोपीय संघात असं करणारा तो पहिला देश. मेमध्ये पोलंडला जोडणारा पाइप सुरू झाला, आणि शेजाऱ्यांनाही त्या जहाजातून गॅस जाऊ लागला. दहा वर्षांची बोली संपली तेव्हा, २०२४ च्या डिसेंबरात, त्यांनी ते जहाज विकतच घेतलं.

इथे कोणी टाळ्या वाजवू नका, कारण आता आपली पाळी आहे. विकणारा रशिया म्हणून आपल्याला त्याला नावं ठेवणं सोपं जातं. पण आपणही कुणाचे तरी विकणारे आहोत. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात बंद केली. आठवडाभरात बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, स्वयंपाकात कांदा घालू नकोस. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले. पुढच्या सप्टेंबरात आपण पुन्हा बंदी घातली. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा. मे २०२४ मध्ये ती उठवली ती ४० टक्के शुल्क लावून, आणि ते शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली होती आणि बाकी देशांकडेही खरेदी सुरू केली होती. म्हणजे लिथुआनियाने जे केलं, तेच. आपण त्यांचे गॅझप्रॉम झालो होतो. आपल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं हे खरं, पण ढाक्याच्या गृहिणीला त्याच्याशी काय करायचंय?

(सभागृहातून: "आमचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.")

बरोबर. रशियाचंही गेलं. १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमधून युरोपकडे जाणारा त्यांचा गॅस बंद आहे. पाइपची गंमत अशी की तो दोघांना बांधतो. गिऱ्हाईक गेलं तर पाइप उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

मग जहाजच बरं का? बरं, पण त्याचंही एक दुखणं आहे. जहाज वाटेत वळतं. तुम्ही लिलावात पावती घेऊन खळ्यावर जाता, आणि तिथे व्यापारी म्हणतो, माल आतून हलका निघाला, दोनशे कमी. तुम्ही ट्रॅक्टर परत फिरवू शकता का? ठरलेला सौदा समोरच्याने मोडला की आपण अडकतो. पाकिस्तानचं असंच झालं. २०२१ मध्ये गॅसचा भाव भडकला तेव्हा त्यांच्या पुरवठादारांनी ठरलेली जहाजं दिली नाहीत. करारातला दंड भरूनही तोच माल दुसरीकडे विकणं त्यांना परवडत होतं.

आपणही सुटलो नाही. 'गेल' या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा रशियन कंपनीच्या सिंगापूरच्या शाखेशी वीस वर्षांचा करार होता, वर्षाला साधारण २५ लाख टनांचा. ही शाखा कागदोपत्री जर्मनीतल्या कंपनीखाली. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने त्या कंपनीचा ताबा घेतला, उलट रशियाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि आपली जहाजं यायची थांबली. भांडण त्यांचं, कपात आपल्या खत कारखान्यांना. तंटा लवादापर्यंत गेला, जानेवारी २०२५ मध्ये तडजोड होऊन २८.५ कोटी डॉलर मिळाले. पण ज्या महिन्यात गॅस हवा होता तो महिना काही परत मिळाला नाही.

२०२२ मध्ये बाजारातून सुटा माल घ्यावा म्हटलं तर आशियातला भाव ऑगस्टात ७० डॉलरला टेकला होता. एमएमबीटीयू नावाच्या मापाला. हाच भाव २०२० च्या उन्हाळ्यात दोन डॉलरच्या आसपास होता. कांदा चारशेचा चार हजार झाला की टीव्हीवाले गाड्या घेऊन येतात. तो दसपट, हा पस्तीसपट. म्हणून कतारशी गुजरातमधल्या दहेज बंदरासाठी वर्षाला ७५ लाख टनांचा दीर्घ करार आहे, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला, ते मला योग्यच वाटतं. द्राक्षवाले आधी बोली करून माल देतात, कांदेवाले रोजच्या लिलावावर. दोन्ही लागतं. मात्र करार होतो तोही एकाच वाटेने येणाऱ्या मालाचा. कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं, हे विसरून चालणार नाही.

दारं, म्हणजे गॅसची जहाजं उतरवायची टर्मिनलं, आपल्याकडे बऱ्यापैकी आहेत. दहेज २००४ पासून, हजिरा २००५ पासून, मग कोची, मुंद्रा, एन्नोर, धामरा. आपल्या रत्नागिरीतलं दाभोळही. लाटा अडवणारी भिंत अपुरी, म्हणून ते कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. कोकणात पाऊस पडतो हे टर्मिनल बांधून झाल्यावर कुणाच्या लक्षात आलं असावं.

आपल्याकडे नाही ती चाळ. तुमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तो चाळीत भरता आणि भाव बघून काढता. ज्याच्याकडे चाळ नाही तो शेतातूनच विकतो, मिळेल त्या भावाला. युरोपात गॅसच्या चाळी जमिनीखाली असतात, रिकाम्या झालेल्या गॅसच्या खडकांत नाहीतर मिठाच्या पोकळ्यांत. उन्हाळ्यात भरायच्या, हिवाळ्यात काढायच्या. तिथेही एक फजिती झाली. जर्मनीतली सर्वांत मोठी चाळ, रेहडेन गावची, गॅझप्रॉमच्याच कंपनीकडे होती. २०२१ च्या शरद ऋतूत ती जवळजवळ रिकामी ठेवली गेली. व्यापाऱ्यालाच आपली चाळ सांभाळायला द्यायची आणि वर विचारायचं, भाव का चढला! २०२२ च्या जूनमध्ये युरोपीय संघाने कायदाच केला की हिवाळ्याआधी साठे ठरलेल्या प्रमाणात भरलेच पाहिजेत.

भारतात अशी जमिनीखालची चाळ नाही. बंदरावरच्या टाक्यांत असतो तो थोड्या दिवसांचा माल. जुन्या विहिरींत साठा करायची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. खर्च मोठा आहे, आणि खर्च कोणाच्या बिलात घालायचा हाच प्रश्न आहे. लिथुआनियाच्या खत कारखान्यासारखं कोणीतरी इथेही कोर्टात जाणारच.

आता प्रश्न विचारा. हो, ते मागचे आजोबा, उपरणंवाले.

(श्रोता: "आमच्या चाळीत कांद्याला मोड येतात, काजळी धरते, चार महिन्यांत वजन पाव हिश्श्याने घटतं. तुमच्या गॅसला मोड येत नाहीत ना?")

येतात की! टाकीतला द्रव गॅस कितीही झाकून ठेवा, रोज थोडा उकळतोच. जहाजात दिवसाला हजारात एखादा भाग वाफ होऊन जातो, आणि बरीच जहाजं तीच वाफ आपल्या इंजिनात जाळत पुढे जातात. म्हणून टाकी ही काही चाळ नव्हे, ती रस्त्याकडेला लावलेली ट्रॉली समजा. जमिनीखालच्या खडकात मात्र तो वायूच असतो. तिथे थोडा गॅस तळाशी दाब धरायला कायमचा सोडावा लागतो, तो परत काढायचा नसतो. पण बाकीच्याला मोड येत नाहीत, आजोबा. वर्षभर ठेवा.