द्वीपकल्पाच्या टोकावरचे अबरदारॉन

श्रोतेहो, नमस्कार. वेल्सच्या वायव्येला ल्हीन नावाचे द्वीपकल्प आयरिश समुद्रात निमुळते होत गेले आहे आणि त्याच्या टोकाशी अबरदारॉन हा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा ग्रामीण टापू, वसला आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तो अगदी आडबाजूचा वाटतो. १८६७ मध्ये आगगाडी पुल्हेलीला पोचली, ती तिथेच थांबली. पुढची सुमारे पंचवीस किलोमीटरची वाट बैलाघोड्यांचीच राहिली. पण अबरदारॉनची खरी वाहतूक समुद्रावरून होत असे, आणि हे लक्षात घेतल्यावाचून तिथली शेतीही समजत नाही.

इथली जमीन आम्लधर्मी, पाऊस भरपूर आणि वारा असा की झाडे सरळ वाढत नाहीत. म्हणून शेताचे बांध दगडमातीचे, वर काटेरी गॉर्सची झुडपे. हा गॉर्स ठेचून घोड्यांना चारत असत. मातीची आम्लता मारायला चुना लागे, आणि चुनखडी गलबतांतून येई. भरतीच्या वेळी गलबत वाळूवर चढवायचे, ओहोटी लागली की गाड्या थेट त्याच्या कुशीला लावायच्या आणि पाणी परतण्याआधी माल उतरवून घ्यायचा. भट्ट्या किनाऱ्याजवळच असत, कारण भाजलेल्या चुन्याला ओल लागली की तो भयंकर तापतो, आणि असा माल लाकडी जहाजात भरणे म्हणजे आगीला आमंत्रण. भट्टीचा कोळसाही समुद्रमार्गेच येई. उलट दिशेने लोणी आणि डुकरे जात.

शेतकरी आणि कोळी ही इथे दोन वेगळी माणसे नव्हती. शरद ऋतूत हेरिंग मासळी पकडून हिवाळ्यासाठी खारवली जाई. उन्हाळ्यात शेवंड आणि खेकडे. शेवंडीचे सापळे विलोच्या फांद्या विणून हिवाळ्यात घरीच तयार करत, म्हणजे शेतात काम कमी असे तेव्हा हात रिकामे राहत नसत. पोर्थ मैदुईच्या चिंचोळ्या खाडीतून आजही या होड्या निघतात. फरक एवढाच की त्यांना वर ओढायला ट्रॅक्टर आला आहे.

समोर साधारण तीन किलोमीटरवर बार्डसी, वेल्श भाषेत एन्ल्ही, हे बेट आहे. वीस हजार संत तिथे चिरनिद्रा घेत असल्याची आख्यायिका आहे, आणि मध्ययुगात यात्रेकरूंच्या खानपानाची सोय करणे हाही गावाचा एक धंदा झाला. मधल्या खाडीतले प्रवाह मात्र बेभरवशाचे; हवामान बिघडले की होडी कितीही दिवस अडकून पडते.

शेजारच्या रिउ डोंगरावर मँगनीजच्या खाणी होत्या. युद्धकाळात त्यांना जोर आला आणि १९४५ मध्ये त्या बंद पडल्या.

गावचे सेंट हवीन चर्च जवळजवळ वाळूवरच उभे आहे. ते लाटांनी ढासळेल या भीतीने १८४१ मध्ये वर नवे चर्च बांधले, पण लोकांना ते रुचले नाही आणि १९०६ मध्ये जुनेच दुरुस्त करून घेतले. माझ्या मते हा निव्वळ हट्ट नव्हता: ज्यांचा सगळा व्यवहार किनाऱ्यावर चाले, त्यांना देऊळ तेवढे टेकडीवर नेणे सोयीचे नव्हते. आता मेंढ्या, गुरे आणि पर्यटक यांवर गाव चालते, आणि सुट्टीपुरती उघडणारी घरे वाढल्याने स्थानिक वेल्श तरुणांना घर घेणे अवघड झाले आहे.